सिद्धांताआधी चाल

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी कीर्तन आपलेसे केले. तोरातल्या कथा मराठी पदांत बसल्या आणि त्या कीर्तनांच्या पुस्तिका मुंबईत छापल्या गेल्या. आज अशी एखादी पुस्तिका, आजीची गाण्यांची वही किंवा जुनी कॅसेट संगीताच्या अभ्यासकाच्या हाती आली, की त्याचा पहिला विचार शोधनिबंधाचा असतो. अस्मिता, संस्कृतिसंकर, स्थलांतर यांपैकी एक शब्द शीर्षकात येतो, पदांतल्या चार-सहा ओळी उदाहरणादाखल निबंधात जातात आणि उरलेली पदे कपाटात परततात. ज्यांना अशा विषयावर प्रकाशन करायचे आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि त्यात एकच आग्रह आहे: आधी साधन नीट छापा. म्हणजे संहिता, चालीच्या नोंदी, स्वरलेखन आणि ध्वनिमुद्रण, तेही दुसऱ्याला तपासता येईल अशा रूपात. सिद्धांत त्याच्या सोबत किंवा मागून येऊ द्या. पदव्या आणि बढत्यांच्या धावपळीत हा क्रम उलटा वाटेल, पण ज्यू संगीताच्या संशोधनाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला तर तोच टिकलेला दिसतो.

या क्षेत्राचा पाया घालणाऱ्या आव्राहाम त्स्वी इडेल्सन यांचेच पाहू. ('हावा नागीला'मुळे त्यांचे काम जगभरच्या लग्नमंडपांत पोहोचले, नाव मात्र अभ्यासकांपुरतेच राहिले.) १८८२ मध्ये बाल्टिक किनाऱ्याजवळच्या कुरलँड प्रांतात जन्मलेले हे गृहस्थ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेरुसलेमला गेले. येमेन, बगदाद, पर्शिया, सीरिया, मोरोक्को अशा ठिकाणांहून आलेले ज्यू तिथे शेजारी शेजारी राहत होते आणि प्रत्येकाची प्रार्थना म्हणण्याची रीत वेगळी होती. व्हिएन्नाच्या फोनोग्राम संग्रहालयाच्या साहाय्याने इडेल्सन यांनी १९११ ते १९१३ या काळात त्यांचे गायन मुद्रित केले. पुढे १९१४ ते १९३२ या काळात त्यांचा हिब्रू-पौर्वात्य सुरावटींचा दहा खंडांचा कोश प्रसिद्ध झाला. या सामग्रीवर त्यांनी मोठे सिद्धांत उभारले. विखुरलेल्या समाजांच्या गायनाखाली एकच प्राचीन थर आहे, त्याचे धागे जेरुसलेमच्या प्राचीन मंदिराच्या काळापर्यंत जातात आणि ख्रिस्ती चर्चच्या ग्रेगोरियन गायनाशीही त्याचे नाते आहे, असे त्यांचे म्हणणे होते. एरिक वर्नर यांनी १९५९ मध्ये हीच दिशा आणखी पुढे नेली. नंतरच्या अभ्यासकांनी मात्र ती कडकपणे तपासली. पीटर जेफरी यांनी १९८७ मध्ये वर्नर यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचे केलेले परीक्षण या संदर्भात आजही वाचण्यासारखे आहे. सिद्धांत असा वादात सापडला, पण दहा खंड कोणी टाकून दिले नाहीत. त्यांतल्या सुरावटी अभ्यासक आजही उघडून पाहतात आणि मूळ मुद्रणे व्हिएन्नाच्या संस्थेने २००५ मध्ये सीडींवर प्रसिद्ध केली. इडेल्सन यांचे निष्कर्ष खोडणाऱ्यालाही इडेल्सन यांचीच सामग्री वापरावी लागते.

मराठी वाचकाला याचा दाखला घरातच सापडेल. विष्णु नारायण भातखंडे यांची दहा थाटांची व्यवस्था अपुरी आहे हे आज संगीताचा विद्यार्थीसुद्धा सांगतो. पण त्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापलेल्या बंदिशींवाचून त्याच विद्यार्थ्याचे पान हलत नाही. त्या बंदिशी कोणाकडून कशा मिळवल्या, घराण्यांना त्याचे श्रेय किती मिळाले, स्वरलिपीत काय निसटले, यावर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. मात्र हे वाद घालता येतात ते बंदिशी छापल्या गेल्या म्हणून.

साधन 'नीट' छापायचे म्हणजे काय, याचे सर्वांत बोलके उदाहरण सोळाव्या शतकातले आहे. इस्राएल नजारा या कवीचा हिब्रू भक्तिगीतांचा संग्रह १५८७ मध्ये सफेद या गावी छापला गेला. त्यातल्या पुष्कळ गीतांच्या माथ्यावर ते कोणत्या तुर्की, अरबी किंवा स्पॅनिश गाण्याच्या चालीवर म्हणायचे हे लिहिले आहे. भक्ताला त्या ओळीचा उपयोग होता, साहित्याच्या अभ्यासकाला ती अडगळ वाटली असती. पण ज्या गाण्यांच्या या नोंदी आहेत त्यांतली अनेक पुढे विस्मरणात गेली आणि माथ्यावरच्या ओळी त्यांचा पुरावा होऊन बसल्या. त्यांच्या आधाराने आन्द्रेआस टिट्झे आणि योसेफ याहालोम यांनी सोळाव्या शतकातल्या उस्मानी गाण्यांचा आणि हिब्रू स्तोत्रांचा संबंध उलगडणारा ग्रंथ १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. टिट्झे तुर्की भाषेचे जाणकार, याहालोम हिब्रू काव्याचे. चारशे वर्षांपूर्वीच्या मुद्रकाने त्या ओळी गाळल्या असत्या तर या दोघांना एकत्र बसण्याचे कारणच उरले नसते.

मराठी पदसंग्रहांतही पदाच्या डोक्यावर वृत्त किंवा 'चाल' देण्याची रीत जुनी आहे. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. पुस्तिकेचे किंवा वहीचे संपादन करताना ती ओळ जशीच्या तशी ठेवा, अगदी चुकीच्या शुद्धलेखनासकट. ज्या गाण्याची चाल सांगितली आहे ते कोणत्या नाटकातले, कोणत्या कीर्तनकाराचे, ते आज कोणाला येते का, हे टिपेत लिहा. सापडले नाही तर तसे सांगून पुढे जा, अंदाज मात्र संहितेत घुसवू नका. 'दोन वेळा', 'सर्वांनी म्हणणे' अशा कंसातल्या सूचना, समासातली खूण, आवृत्तीचा उल्लेख, मुद्रकाचे नाव, किंमत यांनाही हेच लागू आहे. यांतली कोणती गोष्ट पुढे कोणाच्या उपयोगी पडेल हे आज तुम्हाला ठरवता येणार नाही, तेव्हा ते ठरवण्याचा प्रयत्नही करू नये.

संहितेच्या लेखनाचा प्रश्न याहून किचकट आहे, कारण इथे दोन भाषा आणि तीन लिप्या एकत्र येतात. बेने इस्रायल गाण्यांत मराठी वाक्याच्या मधोमध हिब्रू शब्द येतो आणि तो बहुधा देवनागरीत, गाणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहिलेला असतो. तो 'सुधारण्याचा' मोह टाळा. कोकणात तो शब्द कसा उच्चारला जाई याची ती साक्ष आहे. इडेल्सन यांनी १९१७ मध्ये येमेनी, इराणी आणि सीरियन ज्यूंची मुद्रित गाणी प्रसिद्ध केली तेव्हा सोबत त्यांच्या हिब्रू उच्चारांचे नमुनेही दिले, ते याच जाणिवेने. तुमच्या संपादनात तीन पातळ्या हव्यात: मूळ देवनागरी पाठ, त्याचे रोमन लिप्यंतर आणि हिब्रू शब्दांचे मूळ हिब्रू रूप. मराठीच्या लिप्यंतरासाठी आयएसओ १५९१९ हे मानक वापरता येईल. हिब्रूसाठी नियतकालिक कोणती पद्धत मागते ते आधी विचारा, कारण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत आणि ज्यू विश्वकोशाची पद्धत वेगळ्या आहेत आणि दोन्हींची सरमिसळ झालेला मजकूर परीक्षकाच्या डोळ्यांत लगेच भरतो. टंक युनिकोडच असावा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेले काम संपादकाच्या संगणकावर अक्षरांचा चिवडा होऊन उघडते.

त्यातच लिपीच्या दिशेची अडचण आहे. पाश्चात्त्य स्वरलेखन डावीकडून उजवीकडे जाते आणि हिब्रू उजवीकडून डावीकडे. मांतुआच्या सालोमोने रोस्सी या संगीतकाराची बहुस्वरी हिब्रू स्तोत्रे १६२२-२३ मध्ये व्हेनिसला छापली जात होती तेव्हा हाच पेच आला. शब्द हिब्रू वळणाने उजवीकडून डावीकडेच छापावेत आणि स्वर नेहमीच्या दिशेने जाऊ द्यावेत, असे ठरले. ग्रंथाचे काम पाहणाऱ्या लेओने मोदेना या राब्बींनी प्रस्तावनेत त्याचे कारण दिले आहे: शब्द गाणाऱ्यांना पाठच असतात, तेव्हा तेच उलट्या क्रमाने वाचणे स्वर उलटे वाचण्यापेक्षा सोपे. तीनशे वर्षांनी इडेल्सन यांनी कोशाच्या काही खंडांत नेमके उलट केले आणि स्वरच उजवीकडून डावीकडे छापले. आज बहुतेक संपादक स्वरांखाली रोमन लिप्यंतर तोडून देतात आणि हिब्रू व देवनागरी पाठ स्वतंत्रपणे खाली छापतात. तुम्हीही तेच करा. देवनागरी अक्षरे स्वरांखाली तोडताना जोडाक्षरांची जी ओढाताण होते तीही त्यामुळे टळते. मोदेना यांचा धडा मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे: त्यांनी निर्णय घेतला आणि तो का घेतला हे पुस्तकातच सांगितले. प्रत्येक संपादनाच्या सुरुवातीला आपले नियम सांगणारे एखादे पान असावे. कोणता पाठ प्रमाण मानला, पाठभेद कुठे दिले, आघात आणि कण कसे दाखवले, पट्टी मूळची आहे की सोयीसाठी बदलली. नवखे लेखक हे पान लिहायला विसरतात आणि परीक्षक सर्वांत आधी तेच शोधतात.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. स्वरलेखन हे मुळात तटस्थ साधन नाही, लिहिणाऱ्याने ऐकलेल्या गोष्टीचा तो अर्थ आहे. मग 'साधन आधी, सिद्धांत नंतर' हा भेदच खोटा ठरतो. चार्ल्स सीगर यांनी १९५८ मध्येच दाखवले होते की गाणे कसे गायचे हे सांगणारे लेखन आणि ते कसे गायले गेले हे नोंदवणारे लेखन यांत फरक आहे, आणि एकाला दुसरे समजण्यातून घोटाळे होतात. आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करूनही मूळ मुद्दा सुटत नाही. स्वरलेखन अर्थ लावते, म्हणूनच ज्याच्यावरून ते केले ते ध्वनिमुद्रण वाचकाला ऐकायला मिळाले पाहिजे. म्हणजे तुमचे कान कुठे चुकले हे त्याला सांगता येईल. इडेल्सन यांच्या लेखनातले दोष आज पकडता येतात, कारण त्या काळचे आवाज व्हिएन्नात जपले गेले. फक्त स्वरलेखन छापले तर तुमचा अर्थ हाच पुरावा म्हणून मिरवू लागतो.

मुद्रणाबाबत तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या एमपी३वर समाधान मानू नका. ध्वनिसंग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची, न दाबलेली वेव्ह फाइल ठेवण्याची आहे. प्रत्येक फाइलच्या आरंभी तारीख, ठिकाण, गाणाऱ्याचे नाव आणि प्रसंग बोलून नोंदवा. प्रत एखाद्या संग्रहात ठेवा: अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे १९८२ मध्ये स्थापन झालेले मानववंशसंगीताचे संग्रह व संशोधन केंद्र गुरुग्राममध्ये आहे, आणि ज्यू सामग्रीसाठी जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ध्वनिसंग्रह आहे. रॉबर्ट लाखमान यांनी १९३६-३७ मध्ये पॅलेस्टाइनच्या नभोवाणीवर पौर्वात्य संगीतावर व्याख्याने दिली आणि सोबतचे गायन मुद्रित केले. १९३९ मध्ये ते वारले. ती व्याख्याने त्या मुद्रणांसह रूथ डेव्हिस यांनी संपादित करून प्रसिद्ध केली ती २०१३ मध्ये. कागद आणि तबकड्या संग्रहात होत्या म्हणूनच पंचाहत्तर वर्षांनी हे जमले. संग्रहात ठेवताना मिळणारा क्रमांक निबंधात छापा, म्हणजे वाचक थेट तिथे पोहोचतो.

परवानगीच्या बाबतीत लोक दोन टोकांना जातात. काहींना वाटते लोकगीतच ते, विचारायचे कोणाला. काही इतके घाबरतात की छापतच नाहीत. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या छापील पुस्तिका बहुतेक वेळा मोकळ्या असतात. पण लेखकाच्या हयातीत न छापलेल्या वहीचे गणित वेगळे आहे. तिच्यावरचा हक्क पहिल्या प्रकाशनापासून मोजला जातो, म्हणजे वही शंभर वर्षे जुनी असली तरी वारसांना विचारावे लागेल. गाणाऱ्याचा हक्क याहून स्वतंत्र आहे. शिवाय परवानगी एका सहीत मागू नका. मुद्रण करायला, संग्रहात ठेवायला, निबंधात उद्धृत करायला आणि सर्वांना ऐकवायला, अशी चार वेळा ती स्वतंत्रपणे विचारा. बेने इस्रायलांच्या मलिदा या विधीत घरच्या मंडळींपुढे म्हटलेले एलियाहू हानावी या प्रेषिताचे गाणे आणि विक्रीसाठी छापलेले कीर्तन यांत समाज स्वतःच फरक करतो, तो तुमच्या अर्जातही दिसला पाहिजे. गाणाऱ्या बाईने 'छापा, पण ऐकवू नका' असे म्हटले तर आवाज संग्रहात बंद राहू द्या आणि तसे टिपेत लिहा. वाचकाने तपासावे या आग्रहाला एवढी मर्यादा पडते, आणि ती पडू द्यावी.

आता व्यवहारी आक्षेप: नियतकालिकांना युक्तिवाद हवा असतो, विद्यापीठांना गुण हवे असतात, संपादित पदांना कोण विचारतो? त्यात तथ्य आहे. मोठ्या नियतकालिकाला चाळीस पदे पाठवली तर ती परत येतील. पण साधन आधी तयार करा म्हणजे निबंध लिहू नका असे नव्हे. एकाच पदाचे किंवा एकाच पुस्तिकेचे संपादन घेऊन त्यातून निघणारा एक मर्यादित प्रश्न लिहा: हिब्रू प्रार्थनेतला कोणता भाग मराठी पदात आला आणि कोणता गाळला, एकाच कथेला दोन कीर्तनकारांनी चाल कोणती दिली. असा निबंध परीक्षकापुढे टिकतो, कारण प्रत्येक विधानामागे त्याला पाहता येईल असे पान असते. 'संस्कृतिसंकर' या शब्दावर उभा राहिलेला निबंध मात्र पहिल्याच अभिप्रायात कोसळतो: याचा पुरावा कुठे, आणि हेच आधी कोणी म्हटले नाही का? अ‍ॅना शुल्ट्झ यांनी बेने इस्रायल गाण्यांवर लिहिले आहे, मराठी राष्ट्रीय कीर्तनावरचे त्यांचे पुस्तक २०१३ मध्ये ऑक्सफर्डने काढले. ते न वाचता पाठवलेला निबंध परत आला तर संपादकाला दोष देता येणार नाही. गुणांसाठी पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांची बाजारपेठ मोठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून ती ओळखण्याचा भार तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर आहे. संपादक मंडळातल्या दोघातिघांचे स्वतःचे लेखन शोधून पाहा आणि मागच्या अंकातले दोन लेख संपूर्ण वाचा. निर्णयाला बहुतेक वेळा एवढे पुरते.

कुठे पाठवायचे हे विषयाच्या गाभ्यावरून ठरवा. हिब्रू विधी आणि गायन हा गाभा असेल तर जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले ज्यू संगीत संशोधन केंद्र पाहा. १९६४ मध्ये इस्राएल आडलर यांनी ते स्थापन केले आणि त्याची 'युवाल' ही ग्रंथमाला १९६८ पासून निघते. न्यूयॉर्कच्या अमेरिकन सोसायटी फॉर ज्यूइश म्युझिकचे 'म्युझिका जुदाइका' आहे. मराठी कीर्तनाची घडण हा गाभा असेल तर 'एशियन म्युझिक' किंवा 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' अधिक जवळचे. आणि मराठी वाचकासाठी गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' १९४७ पासून आहे. मराठीत छापले तर जगाला कळणार कसे, ही भीती अनाठायी आहे. संगीतविषयक लेखनाची आंतरराष्ट्रीय सूची करणारी रिल्म ही संस्था कोणत्याही भाषेतले संशोधन नोंदवते. लेखासोबत इंग्रजी शीर्षक आणि दीडशे शब्दांचा सारांश द्या आणि नोंद तिथे पोहोचली आहे ना, ते पाहा.

भाषेच्या बाबतीत केरळचा कित्ता गिरवावा. कोचीच्या ज्यू स्त्रियांच्या वह्यांत मल्याळम गाणी होती. १९७०च्या दशकापासून बार्बरा जॉन्सन, शर्ली इझेनबर्ग, पी. एम. जुस्से यांनी त्या वह्या आणि आवाज गोळा केले. २००४ मध्ये जेरुसलेमच्या केंद्राने त्यांतल्या गाण्यांची सीडी काढली. दुसऱ्याच वर्षी स्कारिया झकारिया आणि ओफिरा गॅम्लिएल यांनी मल्याळम संहिता हिब्रू अनुवादासह पुस्तकरूपात आणली. मल्याळमचा अभ्यासक आणि हिब्रूची अभ्यासक यांनी मिळून केलेले हे काम इस्राएलमध्ये वाढलेल्या नातवंडांनाही वाचता येते. मराठीत असे पुस्तक करायचे तर मराठी वृत्ते आणि चाली जाणणारा एक व हिब्रू प्रार्थना जाणणारा एक, अशी जोडी लागेल. दोन्ही येणारा माणूस मिळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. कुणाचे नाव आधी, संहितेवर कोणाचा हक्क आणि मुद्रणे कोणाच्या नावे ठेवायची, हे काम सुरू करण्याआधी दोघांनी कागदावर लिहून घ्यावे. आणि उशीर किती लांबू शकतो तेही लक्षात ठेवावे: हाइम सॅम्युएल केहिमकर यांचा बेने इस्रायलांचा इतिहास १८९७ मध्ये लिहून झाला होता आणि तेल अवीवमध्ये तो छापला गेला १९३७ मध्ये. तेव्हा पहिली दहा पदे टिपांसह तयार झाली की सगळ्या वह्या हाती येण्याची वाट न पाहता ती पाठवून द्या, बाकीची दुसऱ्या हप्त्यात येतील.